अण्णांनी थांबवलेली गाडी

अण्णा, मागच्या महिन्यात तुमच्या स्टेशनवर जाऊन आले. स्टेशन म्हणायचं आपलं. रुंद रूळ टाकताना मार्ग पलीकडच्या गावावरून नेला आणि तुमचं मराठवाड्यातलं ते दोन खोल्यांचं स्टेशन मागे पडलं. जुने रूळ उचलून नेलेत, तिकिटाच्या खिडकीत कुणीतरी सरपण कोंबलंय, फलाटावर वेडी बाभूळ माजलीय. शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, इथले मास्तर आठवतात का. "न आठवाया काय झालं? आमी लांब बांधावर दिसलो की हात वर करून गाडी धरून ठिवायचे. मंग आमी घाईच करीत नव्हतो," म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

दिवसाला जाऊन-येऊन एकच गाडी. ती चुकली की बाजार बुडाला, दवाखाना बुडाला. म्हणून तुम्ही हात करायचात आणि गार्ड थांबायचा, कारण मास्तरांनी हात केला म्हणजे माणूस येणारच, हे त्याला ठाऊक होतं. अख्ख्या नोकरीत तुमचा तोरा काय तो एवढाच.

निवृत्त होऊन तुम्ही आणि आई आमच्याकडे भाईंदरला आलात, नव्वद सालच्या आसपास. जेसल पार्कची नवी बिल्डिंग, खाली चिखल, नळाला पाणी नाही. तुम्ही मात्र खूश, स्टेशन जवळ म्हणून. सकाळी माझ्याआधी निघून फलाटाच्या टोकाला उभे राहायचात, मला सोडायला. धोतर, काळी टोपी. ऑफिसातल्या मैत्रिणी त्याच गाडीला असायच्या आणि मला तुम्ही तिथं नको असायचात.

त्या दिवशी मला उशीर झाला. जिना उतरतेय तर गाडी लागलेली, आणि तुम्ही शेवटच्या डब्यापाशी हात वर करून उभे. "गार्डसाहेब, जरा थांबा. मुलगी येतेय माझी." दारातून कुणीतरी ओरडतोय, "काका, ये क्या गाँव की गाडी है?" मैत्रिणी वाकून बघतायत. आणि गार्ड खरंच थांबला. उरलेल्या पायऱ्या उतरले असते तरी पुरलं असतं. मी जिन्यावरच्या खांबाआड झाले. शेवटी तुम्ही हात खाली घेतलात, गार्डाला नमस्कार केलात, आणि गाडी गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही आईला सांगत होतात, "माझ्या शब्दावर गाडी थांबली आणि माणूसच आलं नाही. असं कधी झालं नव्हतं गं." मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "मी आधीच्या गाडीनं गेले होते, अण्णा. गर्दीत दिसले नसेन तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "मग चूक माझीच. खात्री करायला हवी होती." त्यानंतर तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. चालवत नाही म्हणायचात. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज लाज वाटते ती त्याचीच जास्त.

मी तुमची लेक म्हटल्यावर म्हातारीनं घरी नेलं, चहा केला. मास्तरांच्या लेकीला म्हणून त्यात साखर जास्त घातली. मी तो सगळा प्यायले. हे पत्र कुठंच टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. तुम्ही समोर असता, तर आजही मी तेच खोटं बोलले असते.