हजार बैल कुणी म्हणायचे

३० ऑक्टो., गुरु.

इंग्रजीच्या क्लासची सहल झाली एकदाची. (हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात, म्हणून हे इथं.) सँडीफोर्डहून लुआसनं (इथली ट्राम) गावात, तिथून कॉलेजपर्यंत चालत. तळमजल्यावर इजिप्तच्या जुन्या वस्तूंचं म्युझियम, तीनच खोल्या. टूर अर्ध्या तासाची, फुकट. दाखवणारे डेक्लन म्हणून एक गृहस्थ. बोलणं असं भरभर, की शिकाऊ माणसानं शब्द वेचायचे कधी. तीस मिनिटांतली वीस त्या ममीपाशी. ‘युअर मॅन’ म्हणत होते तिला. इथं कुणाबद्दलही बोलायचं तर युअर मॅनच. नाकातून मेंदू कसा ओढून काढायचे ते दोनदा सांगितलं. सगळे फोन वर धरून. मी मान खाली घालून उभी. मेलेला माणूस आहे तो, काचेत ठेवला म्हणून काय झालं.

त्याच्या आधीच्या खोलीत, कोपऱ्यात, एक दगड. पाट्याएवढा. त्यावर एक बाई खुर्चीत बसलेली, पुढं चौरंगासारखं काहीतरी, त्यावर उभ्या रचलेल्या भाकऱ्या, कांद्याची जुडी, बदक. जरा नीट बघावं म्हणते तोवर डेक्लनचं सांगून झालंसुद्धा. ही हेनुत. ‘लेडी ऑफ द हाउस.’ चार हजार वर्षांपूर्वीची. वाटेनं जाणाऱ्यांनी दगडावरचं मोठ्यानं म्हणावं, म्हणजे तिला जेवण पोचतं, असं तिनं लिहून ठेवलंय. चला पुढं.

मी विचारलं (वाक्य मनात दोनदा जुळवून), मग तुम्ही म्हणता का? हसले. म्हणाले, वेळ नसतो.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. ह्यांना कारण सांगितलं नाही.

३१, शुक्र.

डोक्यातून जात नाही. लेडी ऑफ द हाउस. इथं नऊ वर्षं प्रत्येक फॉर्मवर माझ्या नावापुढं होममेकर लिहितात. तिनं तेच दगडात कोरून घेतलंय. आणि जेवू घालायला मुलाला नाही सांगितलेलं, वाटेनं जाणाऱ्या कुणालाही. घरच्यांवर भरवसा नसावा. शहाणी.

माझ्या आईला मुलगा नाही, दोघी बहिणीच आम्ही. ती गेल्यावर चुलतभावानं दोन वर्षं पितृपक्षात तिचं पान वाढलं, मग त्याची बदली झाली. ह्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही कराल का. ‘बघू’ म्हणाले. बघतायत.

संध्याकाळी दारात हॅलोवीनची पोरं. एक जण टॉयलेट पेपर गुंडाळून ममी झालेला. आमच्या सायलीला हसू आवरेना. पंधरा वर्षांची झाली तरी.

४ नोव्हें., मंगळ.

क्लासमध्ये मॅरियनबाईंनी जाहीर केलं (शिकवणाऱ्या. रिटायर्ड शिक्षिका, सगळ्यांना लाडानं ‘पेट’ म्हणतात): १५ तारखेला, शनिवारी, म्युझियमची टूर आपण द्यायची. घरची माणसं प्रेक्षक. सात थांबे, प्रत्येकाला एक. ममीसाठी चौघांची ओढाताण. मी हात वर करून दगड मागितला. तिथं कुणी थांबत नाही, म्हणाल्या. म्हटलं, म्हणूनच.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, “पंधरा माणसांसमोर तू? इंग्रजीत? दुकानात साधं दूध कुठं आहे विचारायचं तर सायलीला पुढं करतेस.”

खरं आहे. म्हणून तर.

६, गुरु.

कार्ड मिळालं. दगडावर कोरलंय ते डेक्लननी इंग्रजीत करून दिलंय. सायलीनं अर्थ सांगितला, अर्धा मराठीत, अर्धा तिच्या भाषेत. उतरवून ठेवते.

वाटेनं जाणाऱ्यांनो, या दगडापाशी याल तेव्हा म्हणा: हजार भाकरी, हजार घडे बिअर, हजार बैल, हजार पक्षी, तलम वस्त्रं, घराची स्वामिनी हेनुत हिच्यासाठी.

बैल.

दुपारभर काही सुचलं नाही. आमच्याकडं बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात, पुरणपोळीचा पहिला घास त्याला. आणि मी म्हणू, घे बाई, हजार?

चित्र परत बघितलं. (पोस्टकार्ड विकत नव्हतं घेतलं, त्या दिवशी निघताना परत जाऊन घाईत वहीत काढून आणलंय.) मी ज्याला लाकडाचा ओंडका समजून काढलं होतं ती बैलाची तंगडी.

८, शनि., संकष्टी

चंद्रोदयाची वाट बघत बसलेलो असताना विषय निघाला. मीच काढला.

सायली: “मॅम, इट्स ओन्ली रीडिंग. तू टेकअवे नाही ऑर्डर करत.” आई म्हणायचं सोडून इथल्या पोरांसारखं मॅम.

म्हटलं, आपल्याकडं संकल्प तोंडानं उच्चारला की झाला. त्या बाईनंही तेच लिहिलंय, म्हटलं की पोचलं. तिचं भाकरीपुरतं खरं आणि बैलापुरतं खोटं असं कसं धरायचं.

“मग इंग्लिशमध्ये म्हण ना. इंग्लिशमधलं काउंट नाही होत.”

म्हणजे भाकरीही काउंट नाही होणार.

खांदे उडवून गेली. हे फोनमधून मान वर न काढता: “चार हजार वर्षं थांबलेली बाई तुझ्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी थांबलेली नाही. तिला हवं ते दे आणि मोकळी हो.”

तिला हवं ते. बरोबर आहे, पाहुण्याला विचारूनच वाढतात. पण मी जे शिजवत नाही ते

ढगांत चंद्र दिसलाच नाही. वेळ बघून उपास सोडला.

११, मंगळ.

चूक केली. मॅरियनबाईंना खरं सांगायला गेले. म्हटलं, बैल आणि पक्ष्यांच्या जागी दूध आणि तूप म्हणते. त्यांनी ऐकून घेतलं, माझा हात हातात धरला, आणि “द वर्ड्स आर द वर्ड्स, पेट.” दुसऱ्याच्या दगडावरचं आपण बदलायचं नाही. तेही पटलं. वाईट तेच, की सगळ्यांचं पटतं.

मागून थियागो (ब्राझीलचा, मांसाच्या कारखान्यात कामाला, मनानं चांगला): “गिव्ह मी द ऑक्स. ऑल डे आय डू ऑक्स.” वर्ग हसला. मीही हसले आणि तिथंच घोळ झाला. बाईंना वाटलं, मिटलं. सगळा दगडच थियागोला. मी दारात उभं राहून वेलकम म्हणायचं, कोट कुठं टांगायचे ते दाखवायचं.

ग्रँड, म्हणाल्या (म्हणजे ठीक, झालं). मीही ग्रँड म्हटलं. नऊ वर्षांत तेवढं मात्र पक्कं शिकलेय.

१३, गुरु.

तालीम. थियागोनं वाचलं. आगगाडीच्या डब्यात विकणारा ओरडतो तसं. हेनुतचं नाव गाळलं. मी मध्ये बोलले, नाव घे, नाहीतर जाणार कुणाला? ओके ओके म्हणाला. दुसऱ्या वेळी परत गाळलं.

माझं वेलकम पाठ आहे. तीन शब्द आहेत.

१५, शनि., एकादशी

लिहायला बसलेय खरी.

हे आले, सायली आली. ह्यांनी अंगातला कोट माझ्या हातात दिला आणि हळूच, “एवढ्यासाठी क्लास लागतो?” टांगला.

थियागोचा मेसेज, शिफ्ट वाढवलीय, येत नाही. मी मॅरियनबाईंकडं बघितलं. त्यांनी घड्याळाकडं. आमच्यानंतर लगेच कॉलेजचा दुसरा कार्यक्रम, अर्ध्या तासाची पंचवीस मिनिटं झालेली. पाचवा थांबा, दगडाचा, गाळू म्हणाल्या. मी करते, असं म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या पुढं. आणि म्हटलं असतं तरी बैलांचं काय. सगळे दगडावरून ममीकडं गेले. आमचे दोघेही.

मागं एक म्हातारे गृहस्थ राहिले, काठी टेकत चालणारे. क्लासमधल्या कुणाचे तरी सासरे. स्टुलावर बसले आणि म्हणाले, ही कोण?

कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. सांगितलं. हेनुत, घराची मालकीण, अशी बसलीय, वाचलं की तिला पोचतं. आवाज फुटला. माझाच मला ऐकू आला, खोलीभर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हजार भाकरी म्हटली. मधलं सोडलं. वस्त्रं म्हटली, तिचं नाव घेतलं आणि थांबले.

ते वाट बघत होते. “अँड दॅट्स ऑल शी गॉट?”

यस, म्हटलं.

“ड्राय ब्रेड,” म्हणाले. “द क्रीचर.”

सायलीला नंतर विचारलं. इथले म्हातारे लोक बिचारीला क्रीचर म्हणतात.

१६, रवि.

पारणं. घास उतरेना.

माझ्या घरातून आजवर कुणी कोरड्या भाकरीवर उठलेलं नाही. मीटर बघायला येणाऱ्यालाही चहाबरोबर काहीतरी देते. आणि एवढ्या वर्षांनी त्या बाईचं पान कुणी मांडलं ते मी, आणि नुसती भाकरी टाकून उठले. वर विचारल्यावर खोटं बोलले, तेही एकादशीला. मुळात वाढलंच नसतं तर परवडलं असतं. पान अर्धं वाढून

ह्यांना बोलून दाखवलं. “झालं परत सुरू.” मग आपणहून: काल तू बोलत होतीस ते आत ऐकू येत होतं. एवढंच. चांगलं की वाईट ते नाही सांगितलं.

१८, मंगळ.

क्लास बुडवला. पहिल्यांदाच. घरी क्लासला जाते म्हणून निघाले आणि गावात गेले.

खोलीत कुणी नव्हतं. कार्ड काढलं. भाकरी म्हटली, या वेळी मराठीत. बिअर म्हटली, डोळे मिटून, भरकन. प्यायची तिला आहे. बैलाशी आले आणि परत तेच. पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथंच. तीनदा. स्वतःचा राग आला. तिचाही आला थोडा, एवढं काय काय मागून ठेवायचं.

तेवढ्यात शाळेची पोरं आली, पंचवीसेक, चौथी-पाचवीतली. धावतच ममीकडं निघालेली. त्यांच्या बाई दमलेल्या. मी कोट घालून, कार्ड घेऊन दगडाशी उभी, त्यांना वाटलं मी म्युझियमचीच. विचारलं, इथं थांबायचंय का?

यस, म्हटलं. थांबायचं.

कुठून आलं कोण जाणे, पण आलं. सांगितलं पोरांना, ही घर सांभाळायची. तिला भूक लागलीय. तुम्ही मोठ्यानं म्हणालात तर जेवेल. वेणीवाल्या एका मुलीनं विचारलं, खरंच? मी म्हटलं, ती तसं म्हणते. माझ्याकडं बघून मग दगडाकडं बघितलं तिनं, नीट, वरपासून खालपर्यंत.

कार्ड त्यांच्यासमोर धरलं. ब्रेड मी सुरू करून दिला, बिअरलाही होते. बैलाला गप्प झाले. पोरं नाही झाली. ए थाउजंड ऑक्सन. छताला लागला आवाज. पक्षी तर दोनदा म्हटले, मजा वाटली म्हणून. डेक्लन आतून धावत आले, आणि दारातच थांबले. नाव मी घेतलं. पोरांनी माझ्यामागून घेतलं, माझ्यापेक्षा स्वच्छ.

येताना लुआसमध्ये हलकं वाटत होतं. सँडीफोर्डला उतरून चालायला लागले तेव्हा लक्षात आलं. मी ते त्या मुलांकडून म्हणवून घेतलं. जीभ अडली म्हणून नव्हे, समजून उमजून गप्प राहिले. आता दोष म्हणणाऱ्याला की म्हणवणाऱ्याला? मुलांना लागणार नाही, त्यांना काय ठाऊक. मग उरलं कोण.

ह्यांना सांगितलं नाही. सांगेन, की क्लासला गेले नव्हते. बैलांचं नाही सांगणार.

दिवा लावला, देवापुढं हात जोडून उभी राहिले. क्षमा मागायला गेले होते. पण ती जेवली याचं वाईटच वाटत नाहीये, तर मागायची कशी.