घरच्या लग्नाचा शनिवार

५ जानेवारी, रविवार

युद्धाला तोंड फुटलं. तेही चहाच्या टेबलावर, बिस्किट बुडवता बुडवता.

"आई, माझ्या लग्नात तू कॅमेरा आणायचा नाहीस."

बडबडीमुळे जिचं नाव मिठू पडलं, ती आमची एकुलती एक मुलगी आज एवढं एकच वाक्य बोलली आणि गप्प बसली. तिच्या आईचा, म्हणजे हिचा, कप हवेत. बावीस वर्षं ही लोकांच्या लग्नांचे फोटो काढते आहे. शनिवार म्हणजे कोणाचं तरी लग्न हे या घरातलं आर्यसत्य. आणि घरच्याच लग्नात हिने हात बांधून बसायचं!

"शिंप्याच्या घरी लग्न आणि कपडे उसने?" ही म्हणाली.

"कपडे हवे तिथून येऊ देत. शिंपी मांडवात मशीन घेऊन बसायला नको, इतकंच."

मुलगी युक्तिवादात माझ्यावर गेली आहे. हे मी मनातच म्हटलं. बावीस फेब्रुवारीला लग्न, तोवर या घरात राहायचं आहे.

८ जानेवारी, बुधवार

घरात दोन बायका परस्परांशी माझ्यामार्फत बोलत आहेत. "तिला सांगा, कणीक मळून ठेवली आहे." "तिला सांग, मी जेवून आले आहे." नाटकात अंतःपुराचे निरोप नेणाऱ्या कंचुकीला निदान पगार असावा.

संध्याकाळी मिठूने जुने अल्बम खाली काढले. पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, सायकल, पडलेला दात, बसवलेला दात. आईला विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

"मीच काढलेत ना गं बाई!"

"तेच म्हणतेय."

"फोटो काढते म्हणजे मी तिथे नसते का? सगळ्यांत जवळ मीच असते."

दोघींचंही खरं. अशा वेळी शास्त्रकार विकल्प सांगतात, हेही ग्राह्य, तेही. मी भांडी घासायला गेलो.

११ जानेवारी, शनिवार

परक्यांचं लग्न. नेहमीप्रमाणे मी ढालीसह हजर. सोमवार ते शुक्रवार शाळेत संस्कृत शिकवायचं आणि शनिवारी रिफ्लेक्टर धरायचा — गोल, चंदेरी, हातभर रुंद. खिडकीतला उजेड माणसांच्या चेहऱ्यांवर परतवायचा. मी त्याला ढाल म्हणतो. ही मला भर हॉलमध्ये "मास्तर, डावीकडे!" म्हणते. लोकांना वाटतं, आडनाव असेल.

नवरी सासरी निघाली तेव्हा तिची आई दारात उभी. पदर तोंडाशी, दुसऱ्या हातात कोणाची तरी छत्री. हिने सलग अकरा फोटो घेतले.

गाडीत बसल्यावर मला ते दाखवले. शेवटच्या फोटोवर थांबली.

"ही बाई बघा. हिच्याकडे लपायला काही नाहीये."

"म्हणजे?"

"कॅमेरा डोळ्याला असला की मी रडत नाही. उजेड, फोकस, मागे कोणी जांभई देतंय का — डोकं त्यात असतं. नुसती उभी राहिले तर काय होईल माझं? सगळ्यांसमोर?"

इतकी वर्षं मी समजत होतो, हिला दुसऱ्यांचं काम पसंत पडत नाही एवढाच प्रश्न आहे. चोवीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याला बायको नावाच्या पोथीचं आत्ता कुठे पहिलं पान कळलं आहे, अशी शंका येते.

मिठूला यातलं काही सांगू नका म्हणाली. सांगितलं नाही. (इथे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.)

१२ जानेवारी, रविवार

सांगितलं.

मिठू बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "बाबा, मला रडणारीच आई हवी आहे. गेल्या खेपेला मी तिला रडताना पाहिलं ते फ्रीज बंद पडला तेव्हा."

१९ जानेवारी, रविवार

तह झाला. कॅमेरा नाही. अट एक — फोटोग्राफर ही निवडणार. मिठूने लगेच हो म्हटलं. बिचारी! आई परीक्षक म्हणून काय चीज आहे हे तिला अजून ठाऊक नाही. माझ्या वर्गातली मुलं तरी पस्तीस टक्क्यांवर सुटतात.

२ फेब्रुवारी, रविवार

आजवर पाच नापास. एकाचे सगळे फोटो तिरपे. ("बोटीत लग्न होतं का?") एकाच्या फोटोंत सगळे कावीळ झाल्यासारखे. एक जण नवरा-नवरीला उड्या मारायला लावतो. आमचा भावी जावई दातांचा डॉक्टर. त्याला म्हटलं, "उडी मारशील का?" तो म्हणाला, "बाबा, मला मळमळतं."

मुलगा चांगला आहे. पहिल्या भेटीपासून त्याची नजर माझ्या किडक्या दाढेवर आहे, पण बोलला एकदाही नाही. याला विनय म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

सहावी आली. तिशीची, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल, म्हणून घरात तिचं नाव कुरळी. हिने तिचे फोटो पाहिले, हं म्हटलं, आणि विचारलं, "हॉलमध्ये पाऊल टाकलंस की सगळ्यांत आधी काय करतेस?"

"बाथरूम कुठे आहे ते विचारते."

ही जी हसली! मग दोघी तास-दीड तास गुडघे, पाठ, सपाट चपला आणि नवरदेवांच्या मामांविषयी बोलत होत्या. प्रत्येक लग्नात एक मामा असतो म्हणे, जो फोटोग्राफरच्या पुढ्यात उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. पास. विशेष गुणवत्तेसह.

जाताना कुरळी हळूच मला म्हणाली, "काका, त्या दिवशी त्या मला शिकवायला येणार नाहीत ना?"

म्हटलं, "येणार."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅमेरा कपाटात. हिने स्वतः ठेवला, किल्ली माझ्या हाती दिली. मग दोनदा मागितली. "नुसतं बघते, आहे का."

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं. काल झालं. पाय सुजले आहेत, मन भरलं आहे, आणि घर असं शांत की नळ टपकतो ते मोजता येतं.

सकाळी हॉलवर ही आधी हातांचं काय करावं या विवंचनेत. पर्स या हातातून त्या हातात. मग कोपऱ्यातली कचऱ्याची बादली सरकवली, "मागे दिसते हो." एका गृहस्थाला खुर्चीसकट उचलून बाजूला केलं. ते निघाले जावयाचे मामा! कुरळीने त्या वेळी हिच्याकडे असं कृतज्ञतेने पाहिलं की मला हेवा वाटला.

आणि मग मिठू आतल्या खोलीतून बाहेर आली. आईने उजेड पाहिला नाही, मागचं पुढचं पाहिलं नाही. पर्स खाली पडली ती कोणी उचलली कोण जाणे. रडली. ओक्साबोक्शी, नाक लाल करून, आवाजासकट. मिठू धावत आली, दोघी एकमेकींच्या गळ्यात, दोघींचं काजळ एकमेकींच्या खांद्यांवर. कुरळी गुडघ्यांवर बसून फोटो घेत होती आणि स्वतःही नाक ओढत होती. म्हणजे या धंद्यात सगळेच कॅमेऱ्यामागे लपू शकत नाहीत.

माझी सोय आपोआप झाली. दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन असं तिरपं आलं की अर्धा चेहरा दिसावा, अर्धा नाही. कुरळी एकटीच, तिला दोनच हात. तिच्या पिशवीबाहेर ढाल दिसली. मी उचलली. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रजिस्टरवरच्या सह्या, अंगठ्या, दोन्ही घरांचा एकत्र फोटो — सगळीकडे उजेड जागच्या जागी. एकत्र फोटोत तर तेहेतीस माणसांपैकी एकाच्याही डोळ्यांखाली सावली नाही. स्वतःची पाठ थोपटली असती, पण हात मोकळे नव्हते.

निरोपाच्या वेळीही ढाल माझ्या हातात. बरं झालं. दोन्ही हात गुंतलेले असले की मनुष्य बराच धीरोदात्त दिसतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मिठूचा फोन. चाळीस मिनिटं. त्यातली एकोणचाळीस तिची.

१४ मार्च, शुक्रवार

फोटो आले. सातशे बारा. ही चष्मा लावून, कागद-पेन्सिल घेऊन परीक्षकासारखी बसली. पन्नासाव्या फोटोला पेन्सिल खाली. शंभराव्याला चष्मा पुसला. "पोरगी चांगली आहे हो," एवढंच.

मिठूने तिकडे बसून मोजले आणि फोन केला. "आई दोनशे सहा फोटोंत आहे! दोनशे सहा, बाबा! त्यातल्या चाळीसांत रडतेय!" विजयी सेनापतीचा स्वर. मीही खूश. मध्यस्थाला यश क्वचित लाभतं.

१५ मार्च, शनिवार

आज लग्न नव्हतं. ही सकाळपासून पुन्हा तेच फोटो बघत बसली. दुपारी जेवायलाही उठली नाही. मग हाक मारली.

"मास्तर, तुम्ही कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"इथे. यात."

मी गेलो. म्हटलं, असेन की कुठेतरी. नव्हतो. दोन्ही घरांच्या फोटोत तेहेतीस माणसं, मामा ठळक, मी नाही. निरोपात नाही. एका फोटोच्या काठावर माझ्या डाव्या हाताची चार बोटं. एकात चप्पल.

"होतो हो मी तिथेच. दिवसभर."

 हिने मिठूचा एक जवळचा फोटो उघडला आणि मोठा, मोठा, आणखी मोठा करत नेला. नाक गेलं, कपाळ गेलं, नुसता डोळा उरला. काळ्या बुबुळात एक गोल पांढरा ठिपका.

"हा उजेड कसला, ओळखता का?"

ओळखला. ढालच ती. माझ्या दोन हातांत.

मग हिने जुने फोटो उघडले. परक्यांच्या नवऱ्या, परक्यांच्या आया, नवरदेव, बाळं, आजोबा. प्रत्येकाचा डोळा मोठा करायची. प्रत्येकात तो ठिपका. "हे तुम्ही. हेही तुम्हीच. बावीस वर्षं मी याच्याकडे बघून फोकस करतेय, आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही."

मी जाऊन तिचं ताट तिथेच वाढून आणलं. 

१६ मार्च, रविवार

मिठूचा फोन. आईने तिला सांगितलेलं दिसतं. आज चाळीस मिनिटं नव्हती. "बाबा —" म्हणाली आणि पुढे बोलेना. मिठूने बोलायचं थांबणं मला मुळीच सोसत नाही. शेवटी मीच हवापाण्याविषयी बोललो.

फोन ठेवताना म्हणाली, "शनिवारी काही ठरवू नकोस."

२२ मार्च, शनिवार

मिठू आणि जावई सकाळीच आले, लग्नाच्याच कपड्यांत. मला खिडकीशी खुर्चीवर बसवलं. ही कॅमेऱ्यामागे, आज तिला कोणी पुढे ये म्हटलं नाही. ढाल मिठूच्या हातात.

चंदेरी उजेड इतका थेट डोळ्यांत घुसतो याची मला कल्पना नव्हती. बावीस वर्षं लोकांना सांगत आलो — बघा सरळ, काही होत नाही.

होतं. पाणी येतं.

"पुसू नका," ही म्हणाली. "तसेच बसा."