फोटोतली तिसरी बाई

प्रिय आत्या,

कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाल्याचं कळल्यावर तू फोनवर इतकी रडलीस, की पुढचं बोलायचा मला धीरच झाला नाही. म्हणून लिहितेय. आधी एकटीच वाच, बाबांना नंतर सांग.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर आम्ही सहाजण होतो. एकीचे वडील न्यायाधीश, एकाची आई डॉक्टर. तुझ्या घरी कोण काय करतं, असं मला विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, एवढं सांगताना माझी जीभ झडणार नव्हती. पण नाही सांगितलं.

तू माझी वेणी घालता घालता सांगायचीस, ते सगळं मला पाठ आहे. आपल्या वस्तीतल्या बायकांना इस्पितळात कचऱ्याच्या बाजूच्या दारानं जावं लागायचं. ‘चादरी पांढऱ्या करायच्या आम्ही, आणि डाग म्हणे आम्हीच!’ असं म्हणून तू हसायचीस. तुम्ही बाराजणी एकोणीस दिवस पुढच्या पायऱ्यांवर बसलात, तेव्हा पुढचं दार तुम्हाला उघडलं. मला वकील व्हायचंय ते त्या पायऱ्यांमुळे. नागरी हक्कांच्या इतिहासाची इतकी पुस्तकं वाचली, तीही त्याच ओढीनं.

आत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “या विषयाकडे कशी वळलीस? घरात कुणी चळवळीत होतं?”

मी म्हणाले, “नाही. घरी कुणालाच यातलं कळत नाही. मी वाचनातून शिकले.”

मग त्यांनी एक जुना फोटो पुढे सरकवला. इस्पितळाच्या पायऱ्या, बारा बायका. डावीकडून तिसरी तू, बाह्या वर सारलेल्या, हनुवटी ताठ. बाई म्हणाल्या, “यांतल्या एकीचंही नाव कुठे नोंदलेलं नाही.” आत्या, मी फोटोकडे बघत म्हणाले, “खरंच, किती दुर्दैव!” वर पाच मिनिटं त्या लढ्याचं महत्त्वही समजावून सांगितलं. सगळे माना डोलवत होते. त्याच उत्तरावर माझी निवड झाली.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. काल बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी तो फोटो पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाल्या, “निवड समितीला हे सांगावं लागेल.” सांगू देत. जागा गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, “त्या आहेत अजून?” मी तुझा पत्ता दिला.

रविवारी त्या तुला भेटायला येतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. त्यांना बाराही जणींची नावं सांग, एकही गाळू नकोस. आणि ती मुलगी तुमची कोण, असं सगळं ठाऊक असूनही त्यांनी विचारलंच, तर काय सांगायचं ते तू ठरव. मी मान खाली घालून ते स्वीकारेन.

तुझीच, म्हणायची अजून मुभा असेल तर,
भाची