गादीपेक्षा उंच नको

५ डिसेंबर १९४४, मंगळवार

मामा आज मठात पडले! पोथी लिहून उठायला गेले, तर उजवा पाय पार मेलेला. धाडकन् आडवे. डोकं खांबाला लागलं, दौत सांडली, पण पडता पडता पोथी तेवढी वर धरली होती. तिला शाईचा थेंब न्हाय.

बासष्टाव्या वर्षी रोज सहा तास मांडी घालून, पाठीची कमान करून बसायचं म्हणजे काय! ताडपत्रं एकशे ऐंशी. कागदावर उतरून झाली शहाण्णव. पोथी गुलबर्ग्याकडच्या एका मठाची, मागून आणलेली. शिवरात्रीला परत द्यायची. असलं जुनं कानडी वळण आमच्या गावात एकट्या मामांना वाचता येतं. मला निम्मं.

ते निम्मंच नडणार. स्वामी दिवाळीपासून फिरतीवर आहेत, तोवर मठ शरणप्पा कारभाऱ्याच्या हातात. त्यानं मला वरून खाली न्याहाळलं. "सिद्रामप्पाच्यानं आता होत न्हाय. उद्यापासनं मल्लू बसंल. नायतर रिकामाच हिंडतोय."

मामा पडल्या जागी बोटाची शाई धोतराला पुसत राहिले. मला तिकडं बघवेना.

मी इथं आठ दिवसांसाठी आलो होतो!

६ डिसेंबर

बसलो. सरावाचं अर्धं पान झालं, वेगळ्या कागदावर. तीन चुका. पायाला मुंग्या, मानेत लोखंड. मग बाहेर अस्वलवाला आला. उठलो — नुसतं बघून येतो म्हणून. अस्वल म्हातारं होतं, नाचता नाचता मधेच बसायचं. त्याच्या मागं मागं वेशीपर्यंत गेलो. परत आलो तर मामी मठाच्या ओसरीवर भाकरी झाकून बसलेली.

"बघितलंस अस्वल?"

"व्हय."

"आता घरी चल. तुझ्या मामालाबी बघ जरा."

मामा घरी भिंतीकडं तोंड करून पडले होते. दुखतंय का विचारलं. म्हणाले, "सत्त्याण्णवावं पान अर्ध्यात सोडलंय रे." एवढंच.

शिवरात्रीपर्यंत असं रोज बसायचं झालं तर मी पळून जाईन. आणि पळालो तर पोथी अर्धवट परत जाईल, आणि मामा त्या भिंतीकडंच बघत संपतील. हे मला कळतंय. म्हणून आज ठरवलं — मी बसण्यापेक्षा मामांना कसं बसवता येईल ते बघायचं.

७ डिसेंबर

खुर्ची! एवढं सोपं होतं!

शाळेतनं मास्तरांची वेताची खुर्ची मागून डोक्यावर घेऊन मठात गेलो. मामांना हाताला धरून आणलं. शरणप्पा असा ओरडला की पारवे उडाले. "स्वामींच्या गादीपेक्षा उंच बसतो व्हय रे? उचल ती!"

स्वामी गावात नसले तरी गादी असते. तिच्यापेक्षा उंच कुणी बसायचं न्हाय, आणि पोथी तर गादीसमोरच उघडायची, हा रिवाज. मामाच मागं सरले. "मला न्हाय जमायचं मल्लू. पाप लागंल." गादी दोरीनं मोजली. भुईपासून एक वीत, चार बोटं. त्याच्या आत बसवायचं!

खुर्ची परत नेताना वाटेत तिच्यावर बसून ऊस खाल्ला. लई बरी खुर्ची होती.

१० डिसेंबर, रविवार

काल मुरुम गावाला गेलो. दिवसभर नुसता बसलो — ज्याच्या त्याच्या खुर्चीवर! वकिलाच्या गुमास्त्याची खुर्ची: बूड गार, पण हात टेकायला जागा, मनगट हलकं राहतं. कापडवाल्याचा तक्क्या: गुबगुबीत. पाच मिनिटं सुख, मग कंबर खचते. एका घरी झोपाळाच होता, त्याच्यावर बसून काही लिहिणं शक्य न्हाय. (पण घरधनी बोलका निघाला. भाचीच्या लग्नातलं भांडण सांगत बसला, त्यात दुपार गेली.)

सगळ्यात शहाणा भेटला तो मोटारीचा ड्रायव्हर. हुमनाबादपासनं रोज हाकतो. त्याच्या सीटचा कापूस कधीच उडालाय, नुसती फळी आहे. विचारलं तर म्हणाला, "गद्दी नक्को रे भाई. कमर को टेका होना, पाव को जगा होना. बस्स!" पाठीमागं त्यानं पोत्याची गुंडाळी बांधली होती, बरोबर कमरेच्या खळग्यात. बसून बघितलं. खरं आहे! मऊ बैठकीनं माणूस आराम करतो. काम करायला टेका लागतो.

दगडोबा सुताराकडं बुटकी खुर्ची सांगितली. वीतभर उंच, पाठीला कमान. तो हसला. "बाहुलीचं लगीन हाय का?" पण उद्या देतो म्हणाला.

१२ डिसेंबर

बुटकी खुर्ची आली. मामा बसले आणि गुडघे कानाला लागले! लिहायचं डेस्क कुठं ठेवायचं? पोटावर? आणि उठताना शरणप्पा, मी आणि पुजारी, तिघांनी उपसून काढलं. मामा हसले, पण हसताना डोळ्यांत पाणी आलं. कमरेतनं कळ गेली असणार.

मामीनं खुर्ची घरी नेली. भाजी निवडायला छान आहे म्हणते.

१३ डिसेंबर

आज मी लिहिलं. सरावाचं आणखी एक पान. मामा शेजारी आडवे पडून वाचून दाखवत होते. माझ्या चुका त्यांना लेखणीच्या आवाजावरनंच कळतात! "तिथं मात्रा सुटली बघ." म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. मला आणखीनच भीती वाटली.

१५ डिसेंबर, शुक्रवार

येळवस, म्हणजे शेतात जेवायची अवस. शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. इतकं खाल्लं की कडब्याच्या कोपीतनं उठवेना. जेवायला बिरूआबा धनगरही होता, घोंगड्या विणणारा. म्हणाला, माझ्याकडं पांढऱ्या पट्ट्याची घोंगडी लागलीय मागावर. मला मठात जायचं होतं, मामा वाट बघत होते. पण पांढरा पट्टा काळ्यात कसा घालतात ते बघावंसं वाटलं. गेलो.

देवा, बरं झालं गेलो!

आबाचा माग जमिनीत आहे. म्हणजे भुईला खड्डा, खड्ड्यात पाय सोडलेले, बूड काठावर भुईबरोबर. पाय खाली मागाच्या पायपट्ट्या, पावड्या, हाणतायत, हात वर मोकळे, पाठ ताठ.

"आबा, दिवसभर असंच बसता?"

"मग काय उडत बसू?"

"गुडघं दुखत न्हाईत?"

"गुडघ्याला काम कुठंय? त्ये खाली लोंबत्यात निवांत. घोंगडं म्या इणतो, गुडघं न्हाय."

मी त्याच्या शेजारी भुईवर बसलो आणि बघितलं. आबा माझ्यापेक्षा बोटभरही उंच नव्हता! खुर्चीवर बसल्यासारखा, आणि भुईवर!! पांढरा पट्टा बघायचा राहूनच गेला.

१६ डिसेंबर

घरी येऊन मामांना बाजेवर बसवलं आणि दोरीनं मापं घ्यायला लागलो. बुडापासून टाच. पाठ. मांडीची लांबी. मामी पाणी घेऊन आली, विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "खड्ड्याचं माप."

तांब्या पडला! तिनं असा हंबरडा फोडला की शेजारणी आल्या. आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात — हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "जित्या माणसाचं माप घेतोस! मुडद्या! कुठं कुठं हिंडून हे शिकून आलास?" लाटणंच फेकून मारलं. खांद्याला लागलं.

मामांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "रुद्रम्मा, शेवटी तसं बसायचंच आहे. आधी थोडी सवय झाली तर काय वाईट?"

मामी आज कुणाशीच बोलत न्हाय.

१८ डिसेंबर, सोमवार

शरणप्पाला पटवायला अख्खा दिवस. "स्वामींच्या ओसरीत खड्डा? समाधी बांधतुयास का कुणाची?" मी म्हणालो, कारभारीकाका, तुमचा रिवाज उंच बसायचं न्हाय असा आहे. खोल बसायचं न्हाय असं कुठं आहे? त्यानं आधी सुपारी कातरली. मग म्हणाला, "पाय सोडून बसला म्हंजी ती खुर्चीच झाली. तवा भुईबरोबर न्हाय चालायचं. भुईच्या चार बोटं खाली बसंल सिद्रामप्पा. त्यो गादीचा मान."

चार काय, सहा घ्या म्हणालो!

"आणि ऐक. स्वामी आल्यावर न्हाय म्हणाले तर तूच बुजवायचा. आणि मग तूच बसायचं. पळायचं न्हाय. गादीवर हात ठिवून सांग."

ठेवला हात.

२० डिसेंबर

खणलं. ओसरीची भुई मातीची आहे म्हणून बरं. मामांच्या टाचेच्या मापानं खोल, तळाशी फळी — तीही पुढच्या बाजूनं जरा उचललेली, पाऊल तिरकं टेकतं. बसायला भुईच्या चार बोटं खाली कडुलिंबाची फळी, वर दुहेरी घोंगडी, जास्त न्हाय. पाठीला दगडोबाच्या बुटक्या खुर्चीची कमान उपटून बसवली (मामीनं भाजीसकट दिली, तरी बोलली न्हायच) आणि कमरेच्या खळग्यात पोत्याची गुंडाळी. काठावर डेस्क. कोपर अगदी काटकोनात येतं.

उद्या.

२१ डिसेंबर, गुरुवार

बसले!! सकाळी पूजा झाल्यावर बसले ते दुपारच्या भाकरीपर्यंत उठले न्हाईत. मी खांबाआडनं बघत होतो. पाय हलवायचे, पुन्हा लिहायचे. सत्त्याण्णव पुरं केलं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. उठताना काठावर हात टेकले आणि आपले आपण वर आले. मी धरायला गेलो तर, "सर बाजूला!"

ते परत खाली बसले, तेवढ्यात मामी भाकरी घेऊन आली. लांबच उभी राहिली. मामांनी खड्ड्यातनं हात वर केला, भाकरी मागितली. ती बघत राहिली, मग जवळ जाऊन बसली, आणि खड्ड्यात डोकावून म्हणाली, "पायाला गार लागत असंल. पोतं टाकते."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की उगीचच तळ्यापर्यंत पळत गेलो आणि परत आलो.

२५ डिसेंबर

चार दिवसांत एकोणीस पानं.

३१ डिसेंबर

एकशे तेहतीस. मामा जेवताना बोलतात आता. रात्री कळ न्हाय, झोप लागते. मी कळंबच्या बाजाराकडं जाऊन यावं म्हणतोय, तिथनं पुढं बघू. आज झोळी झटकली, तर गादीवर हात ठेवलाय तो आठवला. स्वामी बघेपर्यंत हलता येत न्हाय.

तसे ते शिवरात्रीलाच येणार. तोवर पोथी पुरी. मग बुजवा म्हणाले तरी हरकत न्हाय. सुटलो!

८ जानेवारी १९४५, सोमवार

निरोप आला. स्वामी गुरुवारी येतायत! शिवरात्रीला न्हाय. एकशे एकावन्न झालीत. एकोणतीस राहिली.

शरणप्पानं कुदळ आणून ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. मला दिसेल अशी.

१० जानेवारी

मामा दिवे लागेपर्यंत लिहीत होते. मी म्हणालो, "बुजवायला लागला तर उरलेली मी लिहीन, मामा. पळणार न्हाय." त्यांनी वर बघितलं. "ठावं हाय," म्हणाले, आणि पुढं लिहायला लागले.

मला ठाऊक नव्हतं. बोललो तेव्हा कळलं.

११ जानेवारी, गुरुवार

स्वामी आले. पाय धुतले, गादीकडं निघाले आणि खड्ड्यापाशी थांबले. मामा हात जोडून उभे. "हे काय, सिद्रामप्पा?" मामांनी सांगितलं. स्वामींनी काठी माझ्या हातात दिली, माझ्या खांद्याला धरून खाली उतरले, पाय सोडून बसले. पाठ टेकली. पाय हलवून बघितले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मांडी घालतोय आम्ही. गुडघे आम्हालाही आहेत, हे कुणी विचारलं न्हाय." आणि मामांची पानं मागून घेऊन वाचायलाच लागले. उद्या मामांना शेजारी दुसरा खड्डा खणायचा आहे. स्वामी दुपारपर्यंत उठले न्हाईत. आता भुईवर बसलं तरी त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होतं, म्हणून शरणप्पा सकाळपासनं उभाच आहे.