कुलूपबंद संगणकातली उम्मी

महदिया, शुक्रवार, नमाजानंतर आणि जेवणाआधी

लल्ला नजिया,

थोरल्या बहिणीच्या कपाळाला ओठ टेकवून धाकट्या मुन्सिफचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? सफाक्सची हवा त्यांना मानवणार नाही, हे मी तुझ्या लग्नातच सांगितलं होतं. पण तेव्हा मी शेंबडा पोर होतो आणि गुडघेही धड होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. भावोजींना सलाम. अबीरला सांग, मामा ठणठणीत आहे आणि तिच्या मेंदीला आजीचं, आपल्या उम्मीचं, गाणं तिच्याच आवाजात वाजणार म्हणजे वाजणार. (हा शब्द मी तोंडात मासा असताना दिला होता हे खरं, पण शब्द तो शब्द.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर तो जुना संगणक तुला आठवत असेल. पोस्टातून निवृत्त झालो तेव्हा घेतलेला, पेटाऱ्याएवढा डबा. उम्मी गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात पीठ चाळता चाळता मेंदीचं गाणं गात होती, ते मी त्यात भरून घेतलं. दुसरीकडे कुठे ठेवलं नाही, कारण एकदा ठेवलं म्हणजे ठेवलं. (सुआद म्हणते, मासा फ्रीजमध्ये ठेवला म्हणून जन्मभर ताजा राहत नाही. माझ्या बायकोला उपमा छान सुचतात, फक्त वेळ चुकते.) पुढे मोबाइल आला, संगणक कपाटावर चढला आणि त्याच्यावर रजया चढल्या. परवा तो उतरवला, पुसला, कळ दाबली. यंत्र ट्रॅक्टरसारखं घरघरलं आणि पडद्यावर पासवर्ड मागू लागलं.

मी डगमगलो नाही. अर्ध्या महदियाची रजिस्टर पत्रं ज्याच्या हातून गेली, तो एका शब्दाला काय भिणार? पहिल्यांदा टाकलं सुआदचं नाव. चुकलं. ती नेमकी मागे हात पुसत उभी होती. मग तिची जन्मतारीख टाकली. तीही चुकली, संगणकाच्या मते तर चुकलीच, पण सुआदच्या मतेही चुकली. “महिना तरी बरोबर आला असता तर बरं झालं असतं, सी मुन्सिफ,” ती म्हणाली. (ती मला असं अदबीनं ‘सी’ म्हणाली की मी बूट शोधायला लागतो.) मग आपला फुटबॉल संघ, मग मोटारसायकल, मग वारलेलं मांजर. “वा! म्हणजे मांजराचा नंबर मोटारसायकलच्याही मागे? गरीब बिचारं!” तपास चौफेर असावा म्हणून मी बसमाचंही नाव टाकून पाहिलं. बसमा कोण, हे तुला माहीत आहे आणि दुर्दैवाने सुआदलाही. दुपारी मला शिळा पाव आणि मिरचीची जाळ हरिसा मिळाली. हरिसा भरपूर होती.

गंमत म्हणजे पडद्यावर खाली एक खूण येत होती, मीच कधीतरी लिहून ठेवलेली: ‘नेहमीचंच’. काय नेमकं लिहिलंय! चोराला कळणार नाही, शेजाऱ्याला कळणार नाही. मलाही कळलं नाही, यावरून ती किती सुरक्षित होती ते बघ.

शेवटी डबा चादरीत गुंडाळून दुकानाकडे निघालो. वाटेत कॅफेवाल्यांनी बकरा समजून किंमत विचारली. संगणक आहे म्हटल्यावर प्रत्येकाकडे सल्ला तयार! एकजण म्हणाला, उलटा करून हलव. दुकानदार लस्सद मोठा हुशार गडी. म्हणाला, “पासवर्ड ना? काही काळजी करू नका चाचा, सगळं पुसून नवं टाकतो. घोड्यासारखा पळेल.”

“आणि आतलं?”

“आतलं जाईल. असं काय ठेवलंय आत?”

“माझी आई,” मी म्हणालो.

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, मग न पुसता आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर बघू, सोमवारी या. गडी बरोबर बोलत होता, पण मला मघाचं ‘पुसून’ ऐकू येत होतं. लल्ला, उम्मीला मी एकदा खांद्यावरून पोचवलंय. तिला तिथे टेबलावर सोडून घरी यायला पाय तयार होईनात. डबा पुन्हा गुंडाळला आणि परत आणला.

घरी आल्यावर मात्र काम फत्ते झालं. अनुभव, संयम आणि तर्क यांच्या जोरावर संगणक उघडला. फाइल जिथे ठेवली होती तिथेच होती. आधी चाळणीचा आवाज आला, खर्र खर्र. मग उम्मी खेकसली, “मुन्सिफ, ते यंत्र उचल तिथून, पीठ जाईल त्यात!” मी खरंच उठून उभा राहिलो. सुआदने गॅस बंद केला. मग ती गायली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभेच होतो, आणि बसमाचा विषय तेवढ्यापुरता मिटला.

तेव्हा निर्धास्त राहा, अबीरला दुवा दे, गुडघ्यांना कोमट ऑलिव्ह तेल लाव.

तुझा भाऊ,
मुन्सिफ

ता. क. सुआद खांद्यावरून वाचतेय. तिचा आग्रह आहे की ‘तर्क’ हा शब्द खोडावा. झालं असं, की मी दमून म्हणालो, आता राहू दे, उद्या बघू. तिने शांतपणे पुढे येऊन ‘उद्या’ एवढंच टाइप केलं आणि यंत्र उघडलं. “लग्न झाल्यापासून नळ, छप्पर, दाताचा डॉक्टर, सगळ्याला तुमचं नेहमीचंच उत्तर,” म्हणाली. मी शब्द खोडत नाही. तर्क होताच, फक्त तिचा होता.

आणखी ता. क. लल्ला, गाणं पुरं नाही. नवरी उंबरठ्याशी येते त्या कडव्याला उम्मी अडखळते, हसते आणि म्हणते, “पुढचं गेलं बाई डोक्यातून. नजियाला येतं, तिला विचार.” पुढे नुसती चाळणी. ती गेल्यापासून तू गात नाहीस. का, ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण मेंदीला सगळ्या बायका बसलेल्या असतील आणि तिथे येऊन आवाज थांबेल. पुढचं कडवं तू म्हण. तिने माझं नाव घेतलेलं नाही, तुझं घेतलंय. नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नकोस. मेंदीला ये, ऐक, आणि तिलाच सांग.