वहिनीच्या ताटातलं तिखट

मंगरूळपीर, ९ जानेवारी १९४१
वहिनीचं ताट आजही परत आलं. बाळंतपण मीच केलं, टाके मीच घातले, तेव्हा तिला दूध का कमी येतं हेही मलाच कळायला हवं. उपाशी बाईला दूध कुठून येणार? लसणाचा मऊ भात आणि शेपू, रोज तेच. आई म्हणते, सव्वा महिना हेच. हरभऱ्यानं तर लेकराचं पोट फुगतं. अमरावतीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकले, तिथे असं कुणी सांगितलं नव्हतं.

११ जाने.
आई धनजला तेरवीला. दादा वावरात.
वहिनी म्हणाली, "कुसुमबाई, जिभीले चवच नाही राह्यली. काही झणझणीत द्या न."
काल भिजवलेले हरभरे होते. ते शिजवले. घरात होतं ते टाकलं: दोन वांगी, मुळा, कांद्याची पात, पिकली भेदरं, म्हणजे टमाटे. लसूण, जिरं, लाल मिरची पाट्यावर वाटली. रस्सा पातळ झाला म्हणून ज्वारीचं पीठ लावलं. तिखट जास्त पडलं. जाणून पडलं.
वहिनीनं दोन भाकरी खाल्ल्या. नाक पुसत हसत होती. बाळंतपणानंतर प्रथमच.

१२ जाने.
बाळ पहाटेपासून रडतंय. पोट टणक. ओव्याचा शेक दिला. हरभऱ्यामुळेच, असं मी म्हणू शकत नाही. नाही, असंही.
आई परतली. बाजेखाली वाटी सापडली, काठाला लाल तेल. कुणी दिलं, विचारलं. मी दारात उभी होते. तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "मीच उठून केलं."
विटाळात चुलीला हात. आईनं चूल शेणानं सारवली, पाटा धुतला. बोलत होती ते लिहीत नाही. दादा ऐकत होता.
मी आत जाऊन बाळाला शेकत बसले.

१३ जाने.
बाळ शांत. दूध पितं. दादा मात्र खोलीत पाऊल टाकत नाही.
वहिनीला विचारलं, असं का केलंत. म्हणाली, "गंगूचे दिवस भरले. तुमचं नाव खराब झालं तं ते सुईणीलेच बलावतील. मंग?"
शेजारच्या गंगूचं पहिलं मूल धनुर्वातानं गेलं, सुईणीच्या विळ्यानं नाळ कापली होती. आईनंच तिच्या सासूला कसंबसं राजी केलंय, की या खेपेला कुसुमला बोलवा. म्हणजे गप्प राहायला कारण आहे. चांगलं कारण आहे. ते मिळाल्यावर मला किती हलकं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

१६ जाने.
गंगूला मुलगी. कात्री उकळून घेतली होती. दोघी ठीक. गंगूच्या सासूनं माझ्या हातावर साखर ठेवली.
घरी आले तर वहिनीसमोर तोच भात, आणि दादा ओसरीवर पाठ करून. आता कारण उरलं नाही.
चुलीपाशी आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.
"मले काय समजत नाही? टाक्याच्या बाईले वरवंटा उचलते काय?"
मग तिला का बोललीस, विचारलं.
"तुले बोलली असती तं गंगूच्या घरी कोनं जाऊ देल्लं असतं? सुनेले बोललं तं घरातच राह्यते."
भाकरी करपली. तिनं ती स्वतःच्या ताटात टाकली.
म्हणजे दोघींनी मिळून लपवलं. वहिनी धरली तर तिघींनी. तिचं एकटीचं काय गेलं, ते आम्हा दोघींना माहीत.

१७ जाने.
आई सकाळी म्हणाली, आता झालं ते झालं, गावात अजून दोघी पोटुशा आहेत. खरं आहे. नेहमी कुणी ना कुणी असणारच.
दादाला सांगायला दोनदा गेले. एकदा बैल पाजत होता. एकदा नुसता बसला होता, तरी परत आले.
संध्याकाळी हरभरे भिजत घातले, ओसरीवर, दादासमोर. त्यानं पाहिलं, कुणासाठी म्हणून विचारलं. वहिनीसाठी, म्हटलं. मागच्या वेळीही मीच... इथपर्यंत आले आणि बाळ उठलं.
तो अजून तिथेच बसलाय. बाळाला वहिनीकडे देऊन बाहेर आले, तर आई हरभऱ्यांच्या भांड्याशी उभी. मला वाटलं, उचलून नेणार.
तिनं झाकण ठेवलं आणि आत गेली.