एक वीत बाहेर

प्रिय बाबा,

कुंपणाचा चौथा बांबू उपटला तेव्हा दौलतभाऊ ओरडले, "हळू वो बाई! खड्ड्यात पाय जाईन."

मी खाली पाहिलं. खड्डा एक नव्हता. उपटलेल्या बांबूच्या आत, वीतभर अंतरावर, दुसरा खड्डा होता. त्यात वाळवीने खाल्लेलं जुन्या बांबूच्या बुंध्याचं टोक. त्याच्या आत तिसरा. त्याच्याही आत आणखी. कबरस्तानाच्या आत जाणारी खड्ड्यांची एक सरळ ओळ होती.

त्या ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तुमच्या टेबलाशी बसले आहे, तुमच्याच पेनाने लिहिते आहे. जे विचारायचं आहे ते दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही.

उद्या सकाळी मिस्त्री येणार आहे. दरवर्षी बांबू बदलायला आता तुम्ही नाही, म्हणून चर्चच्या मंडळीने सिमेंटचे खांब आणले आहेत. सध्याच्या कुंपणाच्या रेषेवर ते रोवायचे आणि तार ओढायची, असं ठरलं आहे. बांबू हलवता येतो. सिमेंटचा खांब कोण हलवणार? माझी सारा त्या रेषेबाहेर पुरलेली आहे. उद्यानंतर ती कायमची बाहेर राहील.

म्हणून आज दुपारी मी कुंपण हलवायला घेतलं. कुणाला विचारलं नाही.

तुम्ही तीस वर्षं आलापल्लीच्या लाकूड डेपोत ओंडक्यांवर हातोडा मारलात. सागाच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा शिक्का उमटायचा. रविवारी चर्चमध्ये मास्तर म्हणून उपदेश करताना तुम्ही तेच उदाहरण द्यायचात. शिक्का नसलेलं लाकूड नाक्यावरून सुटत नाही. साग कितीही चांगला असो, नाकेदार तो उतरवून घेतो. तसंच माणसाचं. आदामापासून आलेलं पाप घेऊनच प्रत्येक जण जन्मतो. बाप्तिस्मा हा शिक्का. त्याशिवाय तारणाच्या, म्हणजे स्वर्गाच्या, नाक्यावरून कुणी सुटत नाही.

आम्हा मुलांना ते पटायचं. आम्ही लाकडाच्या गावातली मुलं! बाप्तिस्मा देणारे पाळक महिन्यातून एकदाच चंद्रपूरहून येत, म्हणून तुम्ही आम्हाला अडीअडचणीचा बाप्तिस्माही शिकवला होता. पाणी कुठलंही चालतं. देणारा कुणीही चालतो. तीनदा पाणी, तीन नावं: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मी सात वर्षांची असताना कापडाच्या बाहुलीला तसा बाप्तिस्मा दिला होता. बाहुलीचा रंग सुटला. तुम्ही किती हसला होता!

पण त्यात एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. हातोडा दोनदा पडतो, बाबा. कापलेल्या ओंडक्यावर पडतो आणि त्याआधी उभ्या झाडावर. ज्या झाडावर पडतो ते झाड तोडायचं असतं. जे वाढायचं आहे, त्याला कुणी शिक्का मारत नाही.

सारा सातव्या महिन्यात आली. दवाखान्यात काचेच्या पेटीत दीड दिवस जगली. तिचा बाप अजय खाणीत ड्यूटीवर होता, भद्रावतीहून निघायला त्याला उशीर झाला. मी तिच्याजवळ एकटी होते. पेटीला बाजूने हात घालायची गोल खिडकी होती. माझ्या हाताशी पाण्याची बाटली होती.

मी विसरले नाही. घाबरले नाही. इतकी वर्षं तुम्ही समजत होतात की बाळंतपणात माझं भान गेलं असावं. मंडळीतल्या योहानकाकांनाही तुम्ही तसंच सांगितलंत. तसं नव्हतं. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

पाणी घातलं असतं तर तिच्यात धुण्यासारखं काही आहे, हे मी कबूल केलं असतं. काय होतं तिच्यात? तिने अजून दूधही ओढलं नव्हतं. तिचे डोळे धड उघडले नव्हते. माझ्या करंगळीला तिने पाच बोटं लावली आणि तेवढंच तिचं या जगातलं काम झालं. तेवढ्यात तिने कोणतं पाप केलं? आणि आधी कुणी तरी केलेलं तिच्या अंगावर कुणी टाकलं?

ती गेल्यावर तासाभराने तुम्ही एसटीने आलात. तुमच्या चपलांना चिखल होता. माझ्याकडे पाहण्याआधी तुम्ही विचारलंत, "पाणी टाकलं का?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही पुन्हा विचारलंत, "पोरी, थोडंसं तरी? ओठाले तरी?"

मी पुन्हा नाही म्हटलं. मला हो म्हणता आलं असतं. तुम्ही दुसऱ्यांदा का विचारलंत, ते मला आज कळतं आहे. तुम्हाला खोटं हवं होतं. मी ते दिलं नाही.

मग तुम्ही गावी येऊन स्वतः खड्डा खणलात. कुंपणाबाहेर, ऐनाच्या झाडाखाली. प्रार्थना म्हटली नाहीत. मंडळीच्या वहीत तिचं नाव लिहिलं नाहीत. कुंपणाच्या आत आईची कबर दिसत होती. नातीने आजीपासून दहा-बारा हात दूर निजायचं, हे तुम्ही ठरवलंत. कुदळ खाली ठेवून म्हणालात, "नियम मी केला नाई."

त्या दिवशी मी इथून निघून गेले. अकरा वर्षांत तीनदा आले, तिन्ही वेळा कुणाच्या तरी मातीला. तुमच्या घरी जेवले नाही. ते मी करायला नको होतं. एवढं एकच मी मागे घेते.

गव्हाणी आठवते का? नाताळाला तुम्ही बांबूच्या कामट्यांचा गोठा करायचात, त्यात धानाचं तणस पसरायचात. बाकी गावांत बाजारातली गोरी, गुलाबी गालांची मूर्ती असायची. तुम्ही मूल गावच्या कुंभाराकडून मातीचा बाळ येशू करून आणलात. भाजून काळाभोर झालेला. योहानकाका म्हणाले होते, "मास्तर, देव एवढा काळा असते का गा?"

तुम्ही तणस सारखं करत होतात. मान वर न करता म्हणालात, "आपल्यात आला त आपल्यासारखाच येईन ना! काय साबण लावून येईन?"

सगळे हसले. मी हसले नाही. मला ते खरं वाटलं होतं. अजूनही वाटतं. तुम्ही दिलेल्यांपैकी तेवढं एकच मी सांभाळून ठेवलं आहे. देव माणूस झाला. दाढीवाला, उपदेश करणारा माणूस होऊन तो आभाळातून उतरला नाही. आधी पोटात राहिला, मग एक दिवसाचा झाला. त्यालाही तेव्हा मान धरता येत नव्हती. त्याच्याही अंगावर आईच्या पोटातलं रक्त होतं. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर कुणी पाणी घातलं होतं? तो मोठा, कामाला लागलेला पुरुष होईपर्यंत कुणी घातलं नाही.

मग तो एक दिवसाचा असताना कुंपणाच्या कुठल्या बाजूला होता, बाबा?

सारा ज्या वाटेने आली त्या वाटेने तो आधी येऊन गेला होता. तारण म्हणतात ते हेच असेल, तर ते तिच्यापर्यंत माझ्या बाटलीच्या आधी पोचलं होतं. आणि ते पोचलं नसेल, कुठल्याशा नाक्यावर अडलं असेल, तर मला तसलं तारण नको. तो नाकाच मोडायला हवा. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. अकरा वर्षं शब्द जुळवत बसले.

दुपारी आमचं काम अर्ध्यावर असताना योहानकाका आले. आता मंडळीचे सेक्रेटरी तेच आहेत. सायकल झाडाला टेकवून म्हणाले, "हे काय करून राह्यली पोरी?"

"कुंपण बाहेर घेते."

"कोनाले विचारून?"

"सारा आत येईल एवढंच घेते, काका."

ते कपाळ पुसत राहिले. वाईट माणूस नाही तो. "माह्या हातात असतं त मी काऊन आडवा आलो असतो? बाप्तिस्मा झालेलेच आत, हा नियम तुह्याच बापानं पाळला. स्वतःच्या नातीले भायेर ठेवून पाळला. आता तो गेल्यावर मी मोडू? लोक काय म्हनतीन मले?"

मी त्यांना खड्ड्यांची ओळ दाखवली. ते वाकले. मग दौलतभाऊंकडे पाहिलं. "हे काय आहे गा, दौलत?"

दौलतभाऊ बिडी विझवत होते. ते तुमच्या मंडळीतले नाहीत, त्यांचे देव वेगळे. दरवर्षी बांबू तोडून तेच आणायचे, म्हणून मी त्यांना बोलावलं होतं.

"मले काय विचारता? मास्तर सांगे, मी रोवे. दरवर्षी म्हने, दौलत, औंदा एक वीत भायेर घे. मी म्हटलं, मास्तर, एवढे कोन मरून राह्यले गा तुमच्यात? जागा त पडूनच हाये!"

"मग?"

"मंग काय? म्हने, तू बांबू रोव, जास्त बोलू नको. आन् हातानं मोजून दाखवे. बरोबर एक वीत. दीड म्हटलं त नाई."

योहानकाका खाली बसले. बोटाने एकेक खड्डा मोजला. अकरा.

बाबा! एक एक वीत? अकरा वर्षं?

रविवारी उभं राहून हातोड्याचं उदाहरण द्यायचं, आणि पावसाळा संपला की कुणाला न सांगता देवाची हद्द वीतभर सरकवायची! नियमही मोडायचा नाही आणि नातीलाही सोडायचं नाही. कुणापासून लपवत होतात? मंडळीपासून? देवापासून? की माझ्यापासून?

मला तुमचा राग आला. अजून आहे. कुंपण दरवर्षी तिच्याकडे येत होतं आणि मी तिकडे भद्रावतीत तुमच्याशी बोलत नव्हते. एक पोस्टकार्ड टाकलं असतंत! "एक वीत सरकवलं." एवढंच लिहिलं असतंत. मी पहिल्या एसटीने आले असते, कुदळ घेऊन.

उरलेलं अंतर मी मोजलं. साराच्या कबरीच्या पलीकडे जायला अजून चार विती लागतात. तुमच्या हिशोबाने चार वर्षं. तुम्ही चार वर्षं आधी गेलात.

तुमच्यासारखं वीत-वीत सरकणं मला जमत नाही. मी ऐनाच्या पलीकडे, चांगलं तीन हात लांब, पहिला बांबू रोवला. योहानकाका सायकल घेऊन निघून गेले. जाताना म्हणाले, "सकाळी मिस्त्री येईन तवा मी येतो. मी हो म्हटलं नाई, ध्यानात ठेव." दौलतभाऊ आणि मी ऊन उतरेपर्यंत सगळे बांबू रोवून काढले. सारा आणि आई आता एकाच कुंपणात आहेत. तुम्हीही. तुम्हाला आवडो वा न आवडो.

तुम्हाला मी माफ केलं असं लिहिणार नाही. त्या दिवशी प्रार्थना न म्हणता तुम्ही माती लोटलीत, ते अकरा विती सरकवून भरून येत नाही. पण तुमच्या हाताने मोजलेली प्रत्येक वीत मी पाहिली. तेवढं लिहिते.

आणि हे वचन देते. मंडळीची वही तुमच्या पेटीत आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर तुम्ही दोन नावांमध्ये एक ओळ कोरी सोडली आहे. तीही मला आज दिसली. त्या ओळीवर मी सारा लिहीन, तिच्या बापाचं आणि आईचं नाव लिहीन. बाप्तिस्म्याच्या रकान्यात 'नाही' लिहीन, ठळक अक्षरात. तिथे खोटं लिहू देणार नाही. आणि उद्या कुणी तिला बाहेर काढायला आलं, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.

तुमची,
सुवार्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मिस्त्री आला. योहानकाका म्हणाले, खांब जुन्या रेषेवर रोवायचे. मिस्त्रीने तिथे लोखंडी सब्बल मारली. ती कोपरभर आत गेली. "इथी माती पोकळ झाली, काका. किती खड्डे केले हो? खांब धरनार नाई." काका मला म्हणाले, "मग मातीसाठी सरकवलं, असं ठरावात लिहू." मी म्हटलं, "सारासाठी, असं लिहा." त्यांनी मिस्त्रीला नव्या रेषेवर चुना टाकायला सांगितलं. पहिला खांब ऐनाच्या पलीकडे रोवला.